देवबागात ‘शाका’ कसा करावा, कुणाला करावा आणि कुठे हात खिशात ठेवावा

अंगठा आणि करंगळी बाहेर, मधली तीन बोटं तळव्यात, आणि मनगटाला दोन हलके झोके. हा शाका. आमच्या होडीत पाहुणे बसले आणि कुणी मोबाइल वर धरला की निम्मे हात असे होतात. कुठे शिकलात विचारलं तर कुणी सर्फिंगच्या व्हिडिओचं नाव घेतो, कुणी रोनाल्डिन्होचं. तो ब्राझीलवाला गोल मारल्यावर दोन्ही हातांनी हेच करत नाचायचा. त्याच्या मागचं मात्र कुणाला ठाऊक नसतं. करायला माझी काहीच हरकत नाही, मीसुद्धा करतो. पण मालवणपासून देवबागपर्यंतच्या पट्ट्यात प्रत्येक बोटाला आधीपासून काही ना काही अर्थ आहे, आणि पाहुण्यांचा शाका बरोबर त्यांच्यावर जाऊन आदळतो. वरून समुद्रात तर चुकीच्या खुणेने खरोखरच घोळ होतो. म्हणून हे लिहून ठेवतोय.

माझ्याबद्दल थोडक्यात. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं गाव. वडील रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर. मी काही वर्षं बोटीवर होतो. बोट म्हणजे परदेशी क्रूझ, काम हाउसकीपिंगचं, पगार डॉलरमध्ये आणि झोप आठवड्याच्या हिशेबाने. त्या फेऱ्यांत होनोलुलू लागायचं. आता स्वतःची होडी आहे आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो.

आधी हा हात कुणाचा ते समजून घ्या

हवाईत ओआहू नावाचं बेट आहे. होनोलुलू त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर, बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला, लाये हे गाव. तिथल्या हामाना कालिली या माणसाचा हा हात. जन्म १८८२ चा. शेजारच्या काहुकू गावी साखर कारखाना होता, तिथे तो कामाला होता. ऊस रोलरमध्ये सारताना उजवा हात आत गेला आणि मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना हे सांगताना मला कधी जास्त बोलावं लागत नाही. चरक कसा ओढून घेतो ते त्यांना माहीत असतं, त्यांचे चेहरेच बदलतात.

बोटं गेल्यावर कारखान्याने त्याला दुसरं काम दिलं, ऊस वाहणाऱ्या रेल्वेगाडीवर राखणीचं. गाडी गावागावांतून हळू जायची आणि पोरं फुकटात लटकायची. त्यांना हाकलणं हे कालिलीचं काम. मग पोरांनी युक्ती काढली. राखणदार आसपास दिसला नाही, डबा मोकळा आहे, असं लांबच्या गड्याला कळवायचं तर त्याच्यासारखाच हात करून दाखवायचा: तीन बोटं मिटलेली, अंगठा-करंगळी बाहेर. म्हणजे सुरुवात चक्क नकलेतून झाली. पोरांची जात सगळीकडे सारखीच. आमच्याकडेही कुणी लंगडत चालला की त्याच्या मागून चार पोरं लंगडत जायची, आणि एखादी आजी त्यांना केरसुणी घेऊन पिटाळायची.

दुसरी हकीगत जास्त साधी आहे. कालिली गावात सगळ्यांना हात करायचा, आणि त्याचा हात जसा होता तसाच वर व्हायचा. लोकांनी त्याला तसाच हात परत करायला सुरुवात केली. मला वाटतं दोन्ही खऱ्या असाव्यात. चिडवायला उचललेली खूण त्याच माणसाला भेटताना वापरली की तिचा डंख निघून जातो. ती पोरं मोठी झाली, त्यांच्या हातून ती पुढच्यांकडे गेली.

आता जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो तो. कालिली नुसता गिरणीकामगार नव्हता, तो मासेमारीतला जाणकार माणूस होता. लायेमध्ये हुकिलाऊ होत असे. होडीने जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं, दोरांना पानांचे झुबके बांधलेले असतात, त्यांना बिचकून मासा आत वळतो, आणि दोन्ही टोकांचे दोर गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. म्हणजे आमची रापणच की! मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याला थांबवून बाकीचं मीच सांगितलं: तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, कुठे उभा राहतो, जाळं उथळात आल्यावर कुणी पाण्यात उतरायचं, वाटण्या कशा होतात. तो बघतच राहिला. लायेचं प्रार्थनामंदिर १९४० साली जळालं होतं. ते पुन्हा उभं करायला पैसे हवेत म्हणून १९४८ मध्ये गावाने पाहुण्यांसाठी हुकिलाऊ भरवायला सुरुवात केली. मासे, जेवण, नाच, सगळं. त्यात कालिली हवाईच्या कामेहामेहा राजाच्या वेशात उभा राहायचा. तीन बोटं नसलेला राजा किनाऱ्यावरून हात करतोय आणि होनोलुलूहून आलेले पाहुणे त्याला तसाच हात करतायत, हे मला डोळ्यांसमोर सहज आणता येतं. १९५८ साली तो गेला. लायेच्या पॉलिनेशियन कल्चरल सेंटरमध्ये त्याचा पुतळा आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९६० च्या दशकात होनोलुलूमध्ये लिपी एस्पिंडा नावाचा जुन्या गाड्या विकणारा टीव्हीवरच्या जाहिरातींत हात हलवत ‘शाका, ब्रा’ म्हणायचा. ‘ब्रा’ म्हणजे भावा. मग १९७६ मध्ये फ्रँक फासी याने महापौरपदाच्या प्रचारात हीच खूण उचलली. सर्फर जिथे लाट शोधत गेले तिथे ती सोबत गेली. २०२४ च्या जूनमध्ये हवाईने कायदाच केला आणि शाका ही राज्याची अधिकृत खूण ठरवली. पक्षी, फूल, प्राणी ठरवलेले आपण ऐकतो. हाताची खूण ठरवणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य म्हणून त्याची बातमी झाली.

उगमाच्या इतर कथाही फिरतात. एकीत शार्कने सर्फरची बोटं खाल्ली. दुसरीत स्पेनहून आलेले मजूर अंगठा ओठांना लावून ‘चल, घेऊ थोडी’ असं खुणावायचे. शार्कची कथा सांगायला रंगतदार आहे, पण हवाईत ज्याला विचाराल तो शेवटी कालिलीवरच येतो, आणि मीही त्याच बाजूचा. स्पेनच्या मजुरांची कथा मात्र लक्षात ठेवा, पुढे देवबागात उपयोगी पडेल.

हात कसा धरायचा

बऱ्याच जणांची करंगळी सरळ राहत नाही. अनामिका मिटली की तीही अर्धी वाकते. यात तुमचा दोष नाही. हाताच्या पाठीवर या दोन बोटांच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात, एक खाली गेली की दुसरीला ओढते. उपाय असा: आधी पंजा पूर्ण उघडा. मग तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं फक्त तळव्याला टेकतील इतकीच दुमडा, मूठ आवळू नका. आवळलीत की करंगळी गेलीच. अंगठा बाजूला सैल सोडा. तरीही जमत नसेल तर दुसऱ्या हाताने ती तीन बोटं धरून करंगळी थोडा वेळ वर-खाली करा. चहा उकळेपर्यंत जमतं.

हात खांद्याच्या खालीच ठेवा. कोपर शरीराजवळ. झोका मनगटाला द्यायचा, किल्ली फिरवताना हात वळतो तेवढाच. दोनदा, फार तर तीनदा. फोटोवाले हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवतात, ते बघून मला कसंतरी होतं. तळवा समोर की हाताची पाठ समोर, यावर पाहुण्यांत वाद लागतात. हवाईच्या कायद्याने तो मिटवलाय, दोन्ही चालतं.

होनोलुलूमध्ये मी जो शाका पाहिला तो तर आणखी छोटा होता. बंदरावर सुट्टी मिळाली की मी सिटी बसमध्ये बसून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचो, स्वस्त आणि सावलीत. बसला वाट द्यायला एखादी गाडी थांबली की ड्रायव्हर खिडकीतून हात काढायचा, अंगठा-करंगळी, एक झोका, हात आत. समोरच्या गाडीतली पांढऱ्या केसांची बाई तोच हात परत करायची. चेहऱ्यावर काही नाही, हसूसुद्धा नाही. आभार मानले, पोचले, संपलं. तरुणांच्या मस्तीची खूण असावी अशी माझी समजूत होती; ती त्या बसमध्ये गळून पडली.

एक फरक नीट बघा. तर्जनी आणि करंगळी वर, बाकीची मिटलेली, ही रॉक संगीतवाल्यांची शिंगं. अंगठा, तर्जनी आणि करंगळी, तिन्ही वर, ही अमेरिकी सांकेतिक भाषेतली ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ ही खूण. शाकात तर्जनी वर येत नाही. मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर होडीवाल्याला चुकून प्रेमाची कबुली देणारे पाहुणे आम्ही बघतो. होडीवाला काही बोलत नाही, पण संध्याकाळी सगळ्यांना कळलेलं असतं.

आणि एक चिनी माणूस समोर असेल तर शाका म्हणजे सहा. ते एका हाताने असेच सहा मोजतात. बोटीवर गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, चिनी सहकाऱ्याला मी दुरून मजेत शाका केला, तर त्याने सहा प्लेटा मांडून ठेवल्या. आम्ही खाल्ल्या.

इथे त्याच हाताचे काय काय अर्थ होतात

कोकणातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत करंगळी वर झाली की बाई मान हलवतात आणि पोरगा बाहेर पळतो. लघवीची परवानगी. नुसता अंगठा नाचवून दाखवला की ठेंगा, म्हणजे तुला काही मिळणार नाही. दोन्ही बोटं कानापाशी नेली की फोन. अंगठा तोंडाकडे वळवून करंगळी वर राहिली की बाटली. शाका या चौघांच्या मधोमध येतो. हात जरासा तिरपा झाला तरी अर्थ पलटतो.

आमच्या अंगणात एकदा पुण्याचा मुलगा शेजारच्या आजोबांना लांबून शाका करत होता, अगदी मनापासून. आजोबा सुरंगीच्या झाडाखाली बसलेले. त्यांनी मला हाक मारली, “अरे, ह्या झिलाक बाटली व्हयी दिसता. सकाळीच?” मी म्हटलं, “नाय हो आबानू, तो नमस्कार करता.” आबांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं, म्हणाले, “मगे हात कित्याक मोडता तो?” आणि स्वतः दोन्ही हात जोडले. मुलाने पण जोडले. दोघांचंही काम भागलं.

त्यामुळे पहिला नियम. हात कानापासून आणि तोंडापासून लांब ठेवा, छातीच्या समोर. चेहऱ्याजवळ गेला की फोन किंवा बाटली, तिसरा पर्याय इथे कुणी धरत नाही. मोबाइलमधल्या चित्रातला हा हात २०१६ साली आला, तोसुद्धा ‘मला फोन कर’ या नावाने. तेव्हा आमच्या लोकांना हसू नका.

दुसरा नियम. वयाने मोठं माणूस समोर असेल तर शाकाने सुरुवात करू नका. काका, काकी, आबा, जो कोणी असेल त्याला तोंडाने हाक मारा. “काकानू, बरे मां?” एवढं पुरतं. ते विचारतील, “खंय चल्लास?” हा चौकशीचा प्रश्न नाही, नकाशा काढून दाखवू नका. “हंयच” म्हणा आणि पुढे चला. समोरून एखाद्या मुस्लिम खारव्याने कपाळाला हात नेऊन सलाम केला तर तसाच परत करा. कुणी काही दिलं, मदत केली, तर ‘देव बरें करूं’ आमच्याकडे अजून चालतं, ख्रिस्ती घरात जास्त. देवळाच्या आवारात शाका नको, आणि जिथे माणूस गेलंय त्या घरावरून जाताना तर हात खाली आणि आवाजही खाली.

तिसरा नियम हा की आमची रोजची खूण शिकून घ्या, ती शाकाच्या बरीच जवळ आहे आणि कुठेही चुकत नाही. हनुवटी किंचित वर, भुवया त्याहून किंचित वर, तोंड बंद. झालं. याचा अर्थ ‘बघितलं तुला’. सायकलवर, बाजारात, तिठ्यावर, दोन्ही हातांत मासळीच्या पिशव्या असल्या तरी करता येते. मालवणच्या मासळी बाजारात ज्या बाईकडून कालच सुरमई घेतलीत तिला आज नुसती हनुवटी दाखवा, भाव थोडा तरी नरम येतो. याची हमी मात्र मी देत नाही, कारण त्या बायका माझ्या हमीवर चालत नाहीत.

रस्त्यावर

शाका कोकणात खरा कामाचा असेल तर रस्त्यावर. आमचे रस्ते अरुंद आहेत, साकवावर एकच गाडी मावते. कुणीतरी थांबल्याशिवाय दुसरा जात नाही. इथे वाट देणाऱ्याचे आभार मानलेच पाहिजेत, न मानणाऱ्याची गाडी आणि नंबर दोन्ही गावाच्या लक्षात राहतात.

एसटीच्या ड्रायव्हरांकडून शिका. लाल गाडी समोरून आली की दोघं ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक पंजा उचलतात, बोटं उघडी, टेकवतात. करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटात वळणावर दुसरा थांबला असेल तर हाताबरोबर मानही हलते. तिथे तुम्ही पंजाऐवजी शाका केलात तरी समोरच्याला पोचतं, कारण रस्त्यावर अर्थ बोटांवरून नाही, जागेवरून लागतो. फक्त हात काचेच्या जवळ आणि स्टिअरिंगच्या वर यायला हवा. काचेला काळी फिल्म असेल तर खिडकीतून बाहेर काढा. आणि गाडी पुढे गेल्यावर मागे वळून करू नका, साकवाचे कठडे कमी उंचीचे असतात.

दुचाकीवर फक्त डावा हात. उजव्यात ॲक्सिलरेटर असतो. उतारावर, खडीवर, वळणात, क्लच धरलेला असताना हातच काढू नका, हनुवटीवर भागवा. पावसाळ्यात तर लाल चिखल रस्त्यावर आलेला असतो, तेव्हा कुणी आभाराची वाटही बघत नाही.

समुद्रात शाका नको

इथे मी पाहुण्यांना होडीत चढण्याआधीच सांगतो आणि त्यांना ते रुचत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्कुबाला जाता तेव्हा पाण्याखाली बोलता येत नाही, हातच बोलतो. अंगठा आणि तर्जनीचं गोल, बाकीची तीन बोटं उभी: ठीक आहे. अंगठा वर: मला वर जायचंय. ही खूण लोक हमखास चुकवतात. मासा बघून खूश होतात, अंगठा दाखवतात, आणि गाइड त्यांना वर घेऊन येतो. मग वर येऊन भांडतात की आम्हाला पाच मिनिटं पण दिली नाहीत. अंगठा खाली म्हणजे खाली जाऊ. पंजा आडवा धरून डोलवला की काहीतरी बिघडलंय, त्यानंतर जिथे बिघाड आहे तिथे बोट दाखवायचं, कान तर कान. गळ्यावरून हात आडवा फिरवला म्हणजे हवा संपली.

या यादीत शाका नाही. आणि तो पाण्याखाली डोलवला तर गढूळ पाण्यात ‘बिघडलंय’सारखाच दिसतो. आमच्या किनाऱ्याचं पाणी नेहमीच आरशासारखं नसतं. गाइड धावत येतो, तुमचं रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं श्वासाचं यंत्र, तपासतो, तुम्ही हसता, तुमच्या मास्कमध्ये पाणी जातं. कॅमेरा समोर आला तरी गोलच करा. फोटोत तोही चांगला दिसतो.

पाण्याच्या वर आल्यावर होडीला ठीक असल्याचं सांगायचं तर हात वर नेऊन बोटं डोक्याला टेकवा, कोपर बाहेर. लांबून तो आकार ओळखू येतो. डोक्यावर हात हलवू नका. हलणारा हात म्हणजे मदत हवी आहे. तसंच किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करणं, ही समुद्रावरची आंतरराष्ट्रीय संकटाची खूण आहे, सगळ्या जहाजांसाठी ठरलेली. संध्याकाळी वाळूवर उभे राहून मजेत ती करणारे लोक मी पाहिलेत. एखादी मासेमारीची होडी खरोखर वळली तर तिचं डिझेल जातं आणि तुम्हाला ज्या मालवणीत ऐकावं लागेल ती मी इथे लिहिणार नाही.

होडीवाल्याला निरोप द्यायचा असेल तर एक हात, उघडा पंजा, खांद्याएवढा, न हलवता. होडी सुटताना आमची माणसं नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला नेतात. तो समुद्राला नमस्कार आहे, त्याची नक्कल करायची गरज नाही. तेवढ्यात फक्त बोलू नका.

रापणीवर

कालिलीच्या हाताची ओळख करून घ्यायची असेल तर शाका करून ती जितकी होईल त्याहून जास्त रापणीच्या दोराला हात लावून होईल, असं मला वाटतं. देवबाग, तारकर्ली, मालवणच्या दांडीला अजून रापण लागते. पूर्वीइतकी नाही. मासाही पूर्वीइतका नाही, आणि दोराला धरणारे हातही कमी झालेत, पोरं बोटीवर जातात. मीही गेलोच होतो.

पहाटे किंवा सकाळी किनाऱ्यावर दोन घोळके एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर उभे दिसले, दोघांच्या हातांत दोर, आणि मध्ये समुद्रात जाळ्याचे तरंगते बोये दिसले की रापण आहे. थेट जाऊन दोर धरू नका. तांडेलाला शोधा. तो बहुतेक ओढत नसतो, बघत असतो. त्याला शाका करू नका, विचारा, “काकानू, हात लावू?” तो मानेने हो म्हणाला तर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहा. पुढच्या माणसाच्या पावलांवर पाऊल. तो मागे झुकला की तुम्हीही झुका, तो थांबला की थांबा. मध्येच एकट्याने जोर लावलात तर दोन टोकं पुढेमागे होतात आणि जाळं तिरपं येतं, मग मासा बाहेर निघायला वाट मिळते.

दोर हाताला गुंडाळू नका. बोटाला तर मुळीच नाही. नुसता मुठीत धरा, सुटला तर सुटू द्या. लाटेचा उलटा ओढ आला की दोर कसा जातो ते ज्याने पाहिलंय तो हे पुन्हा पुन्हा सांगतो. अंगठी घातली असेल तर काढून खिशात टाका. गोरे, गुळगुळीत हात दोराने सोलतात, खाऱ्या पाण्यात ते चांगलंच झोंबतं, पण हातमोजे घालून येऊ नका, त्यातून दोराची पकड कळत नाही.

जाळं उथळात आलं की गलका होतो. तेव्हा मागे सरका. पाण्यात उतरणारी माणसं ठरलेली असतात. तारली, बांगडे, पेडवे, कधी नुसतं शेवाळ आणि प्लॅस्टिक, जे येईल ते. वाटण्या लागतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. तुम्ही मनापासून ओढलं असेल तर तांडेल तुमच्याकडे बघून हनुवटी वर करेल आणि चार मासे तुमच्याही पुढे टाकेल. पाकीट काढू नका, ते विकायला ठेवलेले नसतात. त्या वेळी हात मासळीने भरलेले असतात, त्यामुळे तुम्हीही हनुवटीनेच उत्तर द्या. मासे आमच्या घरी आणून दिलेत तर बायको तळून देते. पिशवी मात्र येताना तुमची तुम्ही आणा, रापणीवर कुणाकडे जादा नसते.